लेकरांसाठी खेळ निवडताना

कबड्डीत दुखावलेला गुडघा आमच्यातल्या अनेकांना आजही जिना चढताना ठणकतो. म्हणून लेकरांना घरी बसवायचे का? नाही. अंगाला झेपेल असा खेळ शोधता येतो. नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव यांनी अपंगत्व आल्यावर बसून गोळाफेक सुरू केली. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात त्यांच्या हाती भारताचा झेंडा होता.

आपली हौस किंवा धास्ती न लादता मुलामुलींना आवड विचारा. कबड्डीत गुडघा-घोटा, कुस्तीत मान-खांदा जपावा लागतो. खो-खोत धक्काबुक्की कमी, पण वळताना पाय मुरगळतो.

सांधा सुजला तर पहिले दोन दिवस चोळू नका. कापडात बर्फ गुंडाळून 15-20 मिनिटे धरा. पाय टेकवत नसेल, किंवा डोक्याला मार लागून उलटी, गुंगी आली, तर लगेच दवाखाना गाठा.