पडक्या भिंतीचा पुरावा

किल्ला पाहून परतणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : हे सारे पुन्हा बांधून काढायला हवे. त्यामागे जिव्हाळा असतो, म्हणून ते खोडणे जिवावर येते. पण जर्मनीत हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी हिरिरीने लढवला गेला, आणि त्याची दोन्ही उत्तरे हायडेलबर्गच्या किल्ल्यात एकाच चौकात उभी आहेत. ती पाहायलाच मी तिथे गेलो होतो.

नेकार नदीकाठच्या डोंगरउतारावर, तांबड्या वालुकाश्मात बांधलेला हा गढीवजा राजवाडा. सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या पॅलेटिनेटच्या राजांची ही राजधानी. चौदाव्या लुईच्या फौजांनी १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये तो उद्ध्वस्त केला. १७२० मध्ये दरबार मानहाइमला हलला. १७६४ मध्ये वीज पडून उरलेसुरले जळाले. मग गावाला आयती खाणच मिळाली. घडीव चिरे लोकांच्या घरांना लागले. ही लूट थांबवण्यासाठी धडपडला तो शार्ल द ग्रेंबेर्ग हा फ्रेंच सरदार. १८१० मध्ये तो इथे आला आणि इथलाच झाला. त्याने काढवून घेतलेल्या चित्रांनी हे अवशेष युरोपभर पोचवले. फ्रेंच फौजेने पाडलेले एका फ्रेंच माणसाने राखले.

चौकात उभे राहिले की एका बाजूला फ्रीडरिखची इमारत दिसते. मूळ बांधकाम १६०१ ते १६०७ चे. १८९७ नंतर कार्ल शेफर या वास्तुकाराने तिची डागडुजी केली. आतली दालने देखणी आहेत, पण त्यांतली सजावट शेफरच्या काळातली आहे; जुन्या शैलीत, नव्याने रचलेली. ते माहीत नसलेला प्रवासी चारशे वर्षांपूर्वीचे दालन पाहिल्याच्या समाधानात बाहेर पडतो.

काटकोनात शेजारीच ओटहाइनरिखची इमारत आहे. तिचा नुसता दर्शनी भाग उरला आहे. खिडक्यांतून आभाळ दिसते. तीही अशीच ‘पूर्ण’ करण्याचे बेत होते. १९०१ मध्ये गेओर्ग देहिओ या कला-इतिहासकाराने त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. जतन करा, पुनर्रचना नको, असा तिचा आशय. वाद गाजला आणि इमारत भग्नच राहिली. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेत हाच विचार नियम म्हणून आला : जिथे अटकळ सुरू होते, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

हा हट्ट कशासाठी, ते दारूगोळ्याच्या बुरुजापाशी कळते. सुरुंगाने तो उभा चिरला आणि त्याचा एक अखंड तुकडा खंदकात घसरला. चिरलेल्या फणसासारखे त्याचे अंतरंग उघडे पडले आहे. भिंतीची जाडी, मजल्यांच्या कमानी, स्फोटाचा जोर, सारे एका नजरेत वाचता येते. धडधाकट बुरुजाने हे कधीच सांगितले नसते.

आता रायगड आठवून पाहा. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी आग लागली आणि वाड्यांचे लाकूडकाम गेले. उरली ती दगडी जोती. दालनाची लांबी-रुंदी, उंबरठ्याची जागा, पाण्याची वाट हे जोत्यावरून सांगता येते. खांबांची नक्षी आणि छपराची उंची मात्र जोते सांगत नाही. त्यावर नवा वाडा चढवला, तर आपल्या कल्पनेखाली खरा पुरावाच झाकला जाईल. २०२५ मध्ये युनेस्कोने रायगडासह बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. तो मान आहे त्या अस्सल दगडांचा आहे.

जतन म्हणजे हात बांधून बसणेही नव्हे. पावसाचे पाणी वाहते ठेवणे, सांध्यांत रुजलेली झाडे वेळीच काढणे, चुन्याचे सांधे चुन्यानेच भरणे ही कामे दिसत नाहीत, पण गड त्यांनीच तगतो. सिमेंट ओल कोंडते आणि जुना दगड फोडते.

म्हणून अवशेषांत फिरताना मी तीन प्रश्न बरोबर ठेवतो. यातला कोणता दगड जुना आणि कोणता नवा? पाणी कुठून येते, कुठे जाते? आणि हे नेमके मोडले कसे? उत्तरे मिळत गेली की पडकी भिंत अपुरी वाटत नाही.