निर्णय मुलांचा, सही कोणाची?

२०२३ च्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या थोरल्या मुलीला दहावीला ८१ टक्के गुण मिळाले. वस्तीत पेढे वाटले, विहारात सत्कार झाला आणि सत्काराच्या भाषणांतच तिची शाखाही ठरून गेली. जो तो म्हणाला, सायन्स. माइक हाती आल्यावर आम्हीही तेच म्हणालो. अकरावीचा ऑनलाइन अर्ज सायबर कॅफेत बसून आम्ही भरला, पसंतीक्रम आम्ही टाकले. पोरगी शेजारी बसून मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवत होती. स्वतःच्या भवितव्यात तिचा सहभाग त्या सहा आकड्यांपुरताच!

२०२५ साली बारावीचा निकाल लागला. कशीबशी पास झाली. त्या रात्री जेवताना खाली मान घालून ती म्हणाली, "पप्पा, मला पॉलिटेक्निकला सिव्हिल करायचं होतं. विहाराच्या स्लॅबचं काम चाललं होतं ना, तेव्हापासून."

आम्ही चिडलो. "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. बारावी सायन्स झालेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो तिने घेतला. दोन वर्षांपैकी एक भरून निघाले, एक गेले ते गेलेच. व्यासपीठावर स्वातंत्र्य, समता, बंधुता सांगता सांगता आमचा घसा बसतो आणि घरात पोरीला एक प्रश्न विचारायला आम्हाला सवड झाली नाही.

आम्हाला सगळा दोष स्वतःच्याच माथी मारायचा नाही. आपल्या घरांत मुलांचे निर्णय आईबाप का घेतात, याला कारण आहे. चुकले तर सावरायला मागे शेतीवाडी नाही, धंद्यात ओळखीचे कोणी नाही. एक वर्ष फुकट गेले तर फी गेली, शिष्यवृत्तीची घडी विस्कटली. राखीव जागेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तर जातवैधता प्रमाणपत्रासाठी खेटे वेगळेच. म्हणून बापाला वाटते, पोराच्या हाती सुकाणू देण्यापेक्षा आपणच धरावे. आमचे वडील शाळेत गेले नव्हते. शेजारच्या खोलीतल्या एका दादाने स्वतःबरोबर आमचाही वाणिज्य शाखेचा अर्ज आणला, म्हणून आम्ही बी. कॉम. झालो. नोकरी लागली, संसार झाला, तक्रार नाही. पण आम्ही निर्णय घ्यायला कधी शिकलोच नाही, आणि जे शिकलो नाही ते मुलांना कुठून देणार?

बाबासाहेबांची एक आठवण पुष्कळांना ठाऊक आहे. साताऱ्याला लहान असताना, वडिलांनी दुसरे लग्न केल्याने त्यांचे मन घरातून उडाले होते. मुंबईच्या गिरणीत नोकरी धरून स्वतःच्या पायावर उभे राहायचे त्यांनी ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायची, असा बेत. तीन रात्री साधले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली तर आत अर्धा आणा! त्या चार रात्रींनी त्यांचे मन पालटले. चोरीचा मार्ग सोडला आणि झटून अभ्यास करून लवकर परीक्षा पास व्हायचे ठरवले. स्वावलंबनाची इच्छा तीच राहिली, रस्ता बदलला. आणि तो बदलायला कोणी व्याख्यान द्यावे लागले नाही. आपण मात्र मुलगा पहिल्या रात्रीच सापडला तर चार रात्रींचा विचार त्याला करू देत नाही. कान धरतो आणि मोकळे होतो.

मुलीच्या प्रकरणानंतर आम्ही विहारातल्या रविवारच्या वर्गात एक कारकुनी उद्योग सुरू केला. कार्यालयात साहेबापुढे कागद तोंडी सरकत नाही, टिपणी लागते. विषय काय, पूर्वी काय घडले, पर्याय कोणते, खर्च किती, अभिप्राय काय, आणि खाली सही. मुलांना म्हटले, तुमच्या निर्णयाचीही अशीच टिपणी लिहा. फक्त साहेब तुम्हीच. पर्याय निदान तीन हवेत, कारण दोनच असले की मुले एक डोळे झाकून धरतात आणि दुसरा नावापुरता लिहितात. मोबाइल हप्त्यावर घ्यावा का, क्लास बदलावा का, अशा लहान विषयांनी सुरुवात केली.

एका मुलाची टिपणी निराळी निघाली. बारावी वाणिज्य, वय १७. विषय : कॉलेज सोडून कामाला लागणे. वाचताच आमचे डोके तापले. पण पूर्वपीठिकेत लिहिले होते, वडिलांचे काम सहा महिने बंद, घरभाडे थकलेले. पर्याय पहिला, कॉलेज चालू ठेवून उधारी. दुसरा, रात्र महाविद्यालय. पण ते घरापासून लांब. तिसरा, दिवसा दुकानात काम आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा. त्याने तिसऱ्याखाली सही केली. आम्ही रात्र महाविद्यालयासाठी भांडलो, येण्याजाण्याचे बघू म्हणालो. त्याने ऐकून घेतले, सही बदलली नाही. परीक्षेत त्याचा एक विषय राहिला आहे. आमचे म्हणणे बरोबर होते की त्याचे, हे अजून आम्हाला कळलेले नाही. मात्र राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरायला तो आपण होऊन आला. ढकलून कॉलेजात बसवला असता तर आला असता का?

तथागतांनी राहुलाला हेच शिकवले. मज्झिम निकायातल्या अम्बलट्ठिकराहुलोवाद सुत्तात ते विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. मग कृतीकडेही तसेच पाहा : करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतरही. यातून मला, दुसऱ्याला की दोघांना पीडा होईल? राहुल तेव्हा कोवळ्या वयाचा होता. सम्राट अशोकाने भाब्रूच्या लेखात भिक्खू आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे सात उपदेश नोंदवले, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे. आम्हाला त्यातले 'केल्यानंतर' फार मोलाचे वाटते. चुकले तर शहाण्या माणसाजवळ उघड बोलावे, असे तिथे सांगितले आहे. पण मुलाने उघड बोलावे, तर ऐकणाऱ्याचा हात चपलेकडे जाता कामा नये.

आणखी एक गोष्ट वर्गात ध्यानात आली. मुलाला मित्रांसमोर विचारले तर उत्तर वेगळे येते, एकट्याला विचारले तर वेगळे. २००५ साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या खेळावर प्रयोग केला, त्यातही हेच दिसले. सोबती शेजारी असले की किशोरवयीन मुले जास्त धोका पत्करत. मोठ्या माणसांवर तितका परिणाम होत नसे. म्हणून टिपणी घरी लिहायची आणि सही दुसऱ्या दिवशी करायची, असा नियम केला. प्रेमप्रकरणांनाही तोच लावतो, मग मुली तोंडावर पदर घेऊन हसतात. हसू देत. अठरा पूर्ण होण्याआधी लग्नाचा पर्याय कायद्यातच नाही, हे मात्र त्यांच्याकडून कागदावर लिहूनच घेतो.

आमचा धाकटा यंदा दहावीला आहे. त्याने आपली टिपणी कपाटाच्या दाराला चिकटवली आहे. पर्याय एक, आयटीआयला इलेक्ट्रिशियन. दोन, कॉमर्स. तीन, 'अजून ठरले नाही'. सहीची जागा कोरी आहे. जाता-येता आम्ही ती वाचतो, शेरा मारायला हात शिवशिवतो. परवा खिशातून पेन काढलाही होता. थोरलीने पाहिले आणि काही न बोलता तो आमच्या हातून काढून घेतला.