टिटवीची अंडी आणि पावसाचा हिशेब

मे महिना लागला की नांदेड-लातूरकडच्या एखाद्या गावातून फोटो येतोच. मुरमावर चार ठिपकेदार अंडी आणि खाली मजकूर : 'टिटवीनं चार घातली, चारी महिने पाऊस!' तीन दिसली तर तीन महिने. टोकं आत वळलेली असली तर धो धो, आणि बांधावर उंच घातली असली तर पूरच. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी नव्या उत्साहानं.

अहो, टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. कधी तीन. वर्ष ओलं असो की कोरडं. मराठवाड्यात 2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन पावसाळे रुसले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अंडी मोजून पाऊस पडत असता तर ती गाडी सुटलीच नसती.

टोकांचं म्हणाल, तर हे अंडं भोवऱ्यासारखं, एका अंगाला निमुळतं. निमुळती टोकं आत केली की चारही अंडी पोटाखाली घट्ट बसतात. आणि उंचवटा कशाला? तिथून कुत्रं, मुंगूस, माणूस लांबूनच दिसतो.

शिवाय तारखा जुळवून पाहा. हिची वीण मार्चपासून ऑगस्टपर्यंत चालते. सलीम अलींच्या पुस्तकातही हाच हंगाम आहे. अंडी 28 ते 30 दिवसांत फुटतात आणि पिल्लं काही तासांत पळू लागतात. एप्रिलमध्ये घातलेली अंडी मृगाच्या आतच फुटून गेलेली असतात. श्रावणातल्या पुराची चिंता तिनं वैशाखात कशाला करावी?

मुळात रानात दिसलेलं प्रत्येक अंडं टिटवीचं नसतं. तिचं मातकट, त्यावर काळपट डाग. ढेकळांत नजर दोनदा घसरते. तित्तराची चार ते आठ, बिनठिपक्यांची, मळकट पांढरी. धाविकाची दोन-तीन, गोलसर. रातव्याची दोन, गुलाबट.

'घरट्यातून पडलं असेल' : नाही, या पक्ष्यांचं घरटं जमिनीवरच. 'सापाची असतील' : सापाची अंडी पांढरट, कातडी कवचाची; त्यांवर डाग नसतात. 'टिटवी रात्री ओरडली की कुणी दगावतं' : तिला कोल्हा दिसला, एवढंच. 'माणसाचा हात लागला की पक्षी अंडी टाकतो' : वासानं नाही टाकत. पण तुम्ही फोटोसाठी तिथं उभे राहता तेवढा वेळ ती लांब ओरडत फिरते आणि अंडी 42 अंशांच्या उन्हात उघडी पडतात. एरवी ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हीसुद्धा शिकारच. तेव्हा पाळी घालताना अंडी दिसली तर तेवढी हातभर जागा सोडून वखर वळवा. महिनाभरात ती मोकळी होते.