मावशी अशी वागेल का?

एकच पुस्तक दहा जणांनी वाचले की दहा मते होतात, हे आपण नेहमी ऐकतो आणि 'ज्याची त्याची आवड' म्हणून सोडून देतो. मला आज हा विषय सोडून द्यायचा नाही, थोडा उकरायचा आहे. त्यासाठी असे पुस्तक घेतो की जे पुष्कळांनी वाचलेले नसेल, पण त्याचे नाव ऐकले नाही असे घर सापडणे कठीण. हॅरी पॉटर.

जे. के. रोलिंग या लेखिकेच्या या कादंबरीमालेचा पहिला भाग जून १९९७ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाला आणि सातवा, शेवटचा, जुलै २००७ मध्ये. आईबाप वारलेला एक मुलगा मावशीच्या घरी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत वाढतो. अकराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्याला कळते की आपण जादूगारांच्या कुळातले आहोत, आणि तो हॉगवर्ट्स नावाच्या निवासी शाळेत शिकायला जातो. पुढे सात भाग आहेत, पण पाया एवढाच. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ही पुस्तके मराठीत आणली. पहिल्या भागाचे मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'.

मी कापड्याला राहतो. पोलादपूरहून उमरठला, म्हणजे तानाजी मालुसऱ्यांच्या गावाला, जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. सावित्री नदीचे खोरे, चार महिने कोसळणारा पाऊस, भातशेती, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईला. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी घराच्या पडवीत पुस्तकांची एक पेटी ठेवली. ज्याला हवे त्याने न्यावे, आणून द्यावे. शिमग्याला आलेल्या एका चाकरमान्याने त्यात 'परीस' टाकले. तेव्हापासून त्याची पाठ दोनदा खळीने चिकटवून झाली आहे. माझ्या पेटीत एवढे झिजलेले दुसरे पुस्तक नाही, आणि एवढी भांडणेही दुसऱ्या कुठल्या पुस्तकावरून झालेली नाहीत.

वसतिगृहात राहून शिकणारा आठवीतला एक मुलगा सुटीत आला होता. त्याने पुस्तक दोन दिवसांत संपवले. काय आवडले विचारल्यावर मला वाटले, झाडूवर बसून उडणे सांगेल. तो म्हणाला, "सर, पहिल्या रात्रीचं जेवण." हॉगवर्ट्सच्या मोठ्या दालनात मुले बसतात आणि रिकामी ताटे आपोआप पदार्थांनी भरतात, तो प्रसंग. हवे तेवढे घ्या, कोणी मोजत नाही. झाडूचे त्याला विशेष काही वाटले नव्हते. उडणारे लोक त्याने गोष्टींतून भरपूर ऐकले होते. पोटभर वाढणारे वसतिगृह त्याने ऐकले नव्हते.

पुस्तकातल्या घुबडांचेही असेच. तिकडे पत्रे घुबडे आणतात. आमच्याकडे संध्याकाळी घुबड घरावर बसले की अजूनही कोणीतरी काठी घेऊन उठते. एक मुलगी मला म्हणाली, गोष्टीत एवढी घुबडे दिसू लागली तेव्हा तिला वाटले आता घरात कोणीतरी जाणार, आणि निघाले काय, तर शाळेचे प्रवेशपत्र! ती खूप हसली. इंग्लंडातल्या मुलाला त्या जागी गंमत वाटली असेल, पण आधी भीती आणि मग हसू हा क्रम तिचा स्वतःचा. लेखिकेने तो लिहिलेला नाही.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात अद्भुत हा एक रस मानला आहे आणि त्याचा स्थायीभाव विस्मय. विस्मय केव्हा होतो? मनात जे धरून बसलो आहोत त्याच्या पलीकडचे काही घडले की. म्हणजे विस्मयाला आधी 'नेहमीचे' काहीतरी लागते. आता प्रत्येकाचे नेहमीचे वेगळे. लेखिका अद्भुत म्हणून काहीही लिहो, वाचक थांबतो ते त्याचे स्वतःचे नेहमीचे जिथे मोडते तिथे. अद्भुतकथेवर सामाजिक कादंबरीपेक्षाही जास्त टोकाची मते का पडतात, याचे माझ्या मते हे मुख्य कारण आहे. सामाजिक कादंबरीत निदान गाव, घर, नोकरी यांची जमीन पुष्कळशी सामाईक असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मला मिळाले ते सत्तरी ओलांडलेल्या एका आजीकडून. तिची नात रोज रात्री तिला मोठ्याने वाचून दाखवत होती. जादू, राक्षस, तीन डोक्यांचा कुत्रा, सगळे आजीने विनातक्रार मान्य केले. अडली ती पहिल्याच प्रकरणांत, आणि अडली मावशीवर. वाटेत भेटली तेव्हा मला म्हणाली, "गुरुजी, ते पुस्तक लिहिणाऱ्या बाईला मावशी नसंल. सख्ख्या भयनीचं पोर, तेला जिन्याखाली झोपवंल व्हय कुणी? काकू म्हणा, मी ऐकून घेईन. मामी म्हणा. मावशी न्हाई."

इंग्रजीत 'आंट' हा एकच शब्द. त्यात मावशीही आली, आत्याही आली, काकू आणि मामीही आल्या. पेटुनिया ही हॅरीच्या आईची बहीण, म्हणजे मराठीत ती मावशीच होणार, दुसरा इलाज नाही. पण मराठीत मावशी म्हटले की 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण सोबत येते. इंग्रज वाचक पेटुनियाला एक खडूस बाई समजून पुढे जातो. आमच्या आजीला ती निसर्गाविरुद्ध गेलेली बाई वाटते. त्या घरात जे चालले आहे ते तिला पुस्तकातल्या दुष्ट जादूगारापेक्षाही भयंकर वाटले. मला विचाराल तर आजीचे वाचन चुकीचे नाही. मावशीने असे का वागावे, हा प्रश्न पुस्तकातही शेवटपर्यंत टांगलेला आहे.

'परीस' या शब्दाचेही थोडे सांगतो. आपला परीस लोखंडाचे सोने करतो, संतांच्या अभंगांमुळे तो घरोघर माहीत आहे. युरोपातल्या किमयागारांचा दगड सोने तर करतोच, शिवाय त्यापासून मरण टाळणारे अमृतही काढता येते, आणि कथा सगळी त्या अमृतावर उभी आहे. मराठी मुले नाव वाचून सोन्याची वाट पाहत बसतात. पण म्हणून 'परीस' हा शब्द मी बदलणार नाही. तीन अक्षरांत इतके ओळखीचे दुसरे नाव मिळाले नसते. अमेरिकेत तर इंग्रजीतून इंग्रजीत जातानाही प्रकाशकांनी १९९८ मध्ये नाव बदलले, 'फिलॉसॉफर'च्या जागी 'सॉर्सरर', म्हणजे मांत्रिक, घातला.

मुंबईहून गणपतीला आलेला एक कॉलेजकुमार मात्र म्हणाला की मराठीत मजा नाही, हे मुळातच वाचायला हवे. त्याचे म्हणणे खरे असेलही. मात्र त्याने मराठी प्रत उघडलेली नव्हती.

आता जरा गंभीर गोष्ट. एका विद्यार्थ्याचे वडील माझ्याकडे आले. सज्जन गृहस्थ, गावात अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे, भगताकडे जाणाऱ्यांना दवाखान्यात नेणारे. त्यांचे म्हणणे असे, की महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्याच वर्षी २० ऑगस्टला नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि तुम्ही मुलांच्या हातात मंत्रतंत्राची शाळा देता? हे पुस्तक पेटीतून काढा. मी ते हसण्यावारी नेले नाही. सर्पदंश झालेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे नेले म्हणजे काय होते, हे आमच्या भागात लोकांनी पाहिलेले आहे.

पण कायदा आहे तो जादूच्या नावाने माणसाला फसवणाऱ्याविरुद्ध, नाडणाऱ्याविरुद्ध, त्याचा छळ करणाऱ्याविरुद्ध. भगत सांगतो, हे खरे आहे, पैसे टाक. कादंबरी पहिल्या पानापासून सांगते, हे रचलेले आहे, तासभर खरे मानून बघ. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोलरिज या इंग्रज कवीने १८१७ मध्ये याला अविश्वास आपखुशीने बाजूला ठेवणे म्हटले. त्यात 'आपखुशीने' हा शब्द महत्त्वाचा. जो मुलगा अविश्वास आपल्या हाताने बाजूला ठेवतो, त्याला तो परत उचलताही येतो. उलट ज्याने कधी गोष्ट वाचलीच नाही, त्याला भगताची गोष्ट ही गोष्ट आहे हे कसे ओळखू येणार? मी त्यांना एवढेच म्हणालो, की आधी वाचा, मग काढायचे तर काढू.

अशी मागणी करणारे ते जगात एकटे नाहीत. अमेरिकेत २००० ते २००९ या दशकात ग्रंथालयांतून ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वाधिक आक्षेप आले, त्या तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या यादीत हॅरी पॉटर पहिल्या क्रमांकावर होता. तिकडचे बरेच आक्षेप धर्माच्या बाजूने होते, की यात चेटूक आहे. आमच्याकडचा आक्षेप विवेकाच्या बाजूने. पुस्तक तेच! विद्वानांचेही एकमत नव्हते. हॅरल्ड ब्लूम या नामवंत समीक्षकाने २००० साली लेख लिहून साडेतीन कोटी ग्राहक चुकू शकतात असे बजावले, तर त्याच वर्षी स्टीफन किंग या लोकप्रिय कादंबरीकाराने चौथ्या भागाचे मनापासून स्वागत केले. आणि या सर्वांच्या आधीचे मत एका आठ वर्षांच्या मुलीचे. अनेक प्रकाशकांनी परत केलेले हे हस्तलिखित ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखांनी घरी नेले, मुलीने पहिले प्रकरण वाचले आणि पुढचे मागितले.

मराठीत तर हे भांडण दीडशे वर्षांचे आहे. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी आली. प्रस्तावनेत त्यांनी अद्भुताचे मोठे मजेदार समर्थन केले आहे. आपल्या लोकांच्या विवाहादी चालीरीतींमुळे रोजच्या आयुष्यात रंजक असे काही घडतच नाही, तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडेच वळावे लागते, असा त्याचा भावार्थ. चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहिला आणि असल्या कल्पित कथांकडे टीकेच्या नजरेने पाहिले. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' लिहून रोजच्या आयुष्यात काय काय घडते ते दाखवले, आणि रिसबुडांचे म्हणणे खोटे पडले. तरी अद्भुत संपले का? नाथमाधवांची 'वीरधवल' त्यानंतरची. सिंहगडावर कड्यावरून पडून कमरेखाली लुळ्या झालेल्या या लेखकाच्या कादंबरीवर मुलांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. आमच्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांनाही ती अभ्यासाची वैरीण वाटे.

दुसऱ्या भागातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हर्मायनी ही वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. तिचे आईवडील साधी माणसे, दातांचे डॉक्टर, जादूगारांच्या कुळातले नव्हेत. म्हणून एक कुलीन मुलगा तिला सर्वांसमोर रक्तावरून घाणेरडी शिवी देतो. युरोपात हे वाचून लोकांना वंशद्वेष आठवला. आमच्यापासून महाड काही फार लांब नाही. तिथल्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ ला काय करावे लागले, हे इथल्या मुलांना पाठ आहे. नववीतल्या एका मुलीने ते पान वाचून मला विचारले, "सर, तिकडं पण असतं?" मग म्हणाली की पहिला भाग तिला बाळबोध वाटला होता, हा दुसरा खरा आहे. झाडू, छड्या, बोलणारी चित्रे यांनी भरलेल्या पुस्तकाला ती 'खरा' हा शब्द वापरत होती. तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीला ते पान आठवतही नव्हते.

मात्र सगळी मते सारख्याच वजनाची, असे मी म्हणणार नाही. ज्याने वाचले त्याचे मत, मग ते आजीसारखे ऐकून झालेले का असेना, आणि ज्याने नुसते नाव ऐकले त्याचे मत, यांना मी एका पारड्यात घालत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर पहिले तीन भाग मला पुरे वाटतात. पुढचे फुगले आहेत. हे मी मुलांना सांगितले की ती माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहतात.

त्या वडिलांनी पुस्तक नेले. लावणीचे दिवस होते, तीन आठवडे लागले. परत आणले तेव्हा जादूविषयी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचा नवा आक्षेप वेगळाच होता आणि पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला होता. वर्षाच्या शेवटी शाळेतल्या चार गटांचे गुण जाहीर होतात, दुसरा गट जिंकलेला असतो, त्यांच्या रंगांची सजावटही झालेली असते, आणि ऐन वेळी मुख्याध्यापक डंबलडोर हॅरीच्या गटाला एकदम १७० गुण वाढवून देतात. "सर, हा काय न्याय झाला? नियम मोडणाऱ्यांना गुण, तेही निकाल लागल्यावर. उद्या पोरं विचारतील." मी म्हटले, त्यातले दहा गुण मित्रांना अडवण्याचे धैर्य दाखवणाऱ्या भित्र्या मुलाला मिळाले, ते तरी मान्य करा. ते दहा त्यांनी मान्य केले. उरलेल्या एकशेसाठांवर आमचे अजून जमलेले नाही. पुस्तक पेटीतच आहे.

आजीची नात आता पाचव्या भागावर आली आहे. मावशी पुढे सुधारते का, हे आजीने मला दोनदा विचारले. सातव्या भागात कळते की लहानपणी बहिणीला त्या शाळेत प्रवेश मिळाला तेव्हा या मावशीनेही डंबलडोरना पत्र लिहून मला घ्या म्हणून विनवले होते, आणि तिला नकार आला होता. मी अजून सांगितलेले नाही. सातवा भाग आमच्या पेटीत नाही; दिवाळीला मुंबईहून कोणी आणणार असल्याचे कळते.