प्रवासी विमान : आधुनिक स्वरूपाचा विकास

ठरलेल्या मार्गावर व ठरलेल्या वेळापत्रकानुसार भाडे घेऊन उतारूंची ने-आण करण्यासाठी बांधलेल्या विमानास प्रवासी विमान म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) यूरोपात व पुढे अमेरिकेत अशी वाहतूक सुरू झाली. तथापि संपूर्ण धातूचा व गुळगुळीत पत्र्याचा सांगाडा, आधाराच्या बाह्य तारा व टेकू नसलेला एकच पंख, आवरणात बसविलेली एंजिने, उड्डाणात आत घेता येणारी चाके, पंखांच्या झडपा आणि पात्यांचा कोन बदलता येणारा पंखा ही आधुनिक प्रवासी विमानाची लक्षणे १९३२ ते १९३५ या अल्प कालावधीत अमेरिकेत प्रथम एकत्र आली. यांपैकी बहुतेक लक्षणे सुटी सुटी आधीच ज्ञात होती. प्रत्येक सुधारणेचा पूर्ण लाभ मात्र इतर सुधारणा सोबत असतील तरच मिळत असे. त्यामुळे प्रवासी विमानाच्या विकासाचा इतिहास हा एखाद्या शोधाचा नसून अनेक शोधांच्या समन्वयाचा इतिहास आहे.

पूर्वस्थिती : ह्यूगो युंकर्स यांचे एफ १३ (१९१९) हे संपूर्ण धातूचे पहिले यशस्वी प्रवासी विमान होय. बळकटीसाठी त्याचा पत्रा पन्हळी ठेवला होता. आडोल्फ रोरबाख यांनी १९२० मध्ये जर्मनीतच गुळगुळीत धातूच्या पत्र्याचे चार एंजिनांचे विमान बांधले. परंतु मित्रराष्ट्रांच्या नियंत्रण आयोगाच्या आदेशाने ते १९२२ मध्ये मोडून टाकण्यात आले. १९२० नंतरच्या दशकात फॉकर कंपनीची व अमेरिकेतील फोर्ड कंपनीची तीन एंजिनांची विमाने अधिक प्रचारात आली. फॉकर विमानांचे धड पोलादी नळ्यांचे व कापडाने मढविलेले, तर पंख लाकडी तुळयांचे व प्लायवुडने आच्छादिलेले असत. फोर्ड विमान धातूचे असले, तरी त्याचा पत्रा पन्हळी होता, एंजिने व चाके उघडी होती आणि त्याचा वेग ताशी १७० किमी.च्या आसपासच राही. त्यात आवाज व कंप फार असून आराम कमी होता. एवढ्या थोड्या उतारूंच्या भाड्यातून खर्च निघत नसल्याने अमेरिकेतील कंपन्या मुख्यत्वे सरकारी टपालाच्या मोबदल्यावर अवलंबून होत्या. १९३० च्या कायद्याने हा मोबदला टपालाच्या वजनाऐवजी विमानात उपलब्ध असलेल्या जागेवर देण्याचे ठरले व मोठ्या विमानांना उत्तेजन मिळाले.

१९३१ चा अपघात : ३१ मार्च १९३१ रोजी ट्रान्सकॉन्टिनेंटल अँड वेस्टर्न एअर (टीडब्ल्यूए) या कंपनीचे फॉकर एफ-१० विमान कॅनझस राज्यात कोसळून आतील आठही व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत फुटबॉलचे विख्यात प्रशिक्षक नूट रॉक्‌नी हे असल्याने साऱ्या देशाचे लक्ष चौकशीकडे वेधले. विमानाचा एक पंख हवेतच तुटला होता. आत शिरलेल्या ओलाव्याने लाकडी भाग जोडणारा सरस निकामी होतो, असे आढळून आले. हा दोष बाहेरून दिसत नसे; तो पाहण्यासाठी पंखावरील प्लायवुड उकलावे लागे. या प्रकारच्या विमानांची उड्डाणे काही काळ बंद ठेवण्यात आली व पुढे तपासणीच्या अटी कडक झाल्या. उतारूंचा लाकडी पंखावरील विश्वास उडाला आणि धातूचे नवे विमान मिळविणे हा कंपन्यांच्या अस्तित्वाचा प्रश्न बनला.

तांत्रिक तत्त्वे : हवेतून जाणाऱ्या वस्तूस होणारा विरोध (ओढ) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे केवळ एंजिनाच्या जोरावर वेग दुप्पट करावयाचा, तर आठपट शक्ती लागेल. बी. मेल्व्हिल जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये असे दाखवून दिले की, तत्कालीन विमानांची बरीचशी शक्ती तारा, टेकू, उघडी चाके आणि उघडी एंजिने यांच्यामागे उठणाऱ्या भोवऱ्यांत वाया जाते. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय वैमानिकी सल्लागार समितीने लँग्ली येथील वातविवरात (विमानाच्या भागांवर वाऱ्याचा झोत सोडून परीक्षा करण्याच्या बोगद्यात) हवेने थंड होणाऱ्या एंजिनाभोवतीच्या आवरणावर प्रयोग केले. योग्य आकाराच्या आवरणाने ओढ बरीच घटते व एंजिन थंडही राहते, असे त्यांत सिद्ध झाले. एंजिने पंखाच्या खाली टांगण्याऐवजी पंखाच्या पुढील कडेशी एका रेषेत बसविणे लाभदायक असते, हेही याच समितीच्या प्रयोगांतून कळले.

यातून सुधारणांची एक साखळी निर्माण झाली. वेग वाढविण्यासाठी पंख लहान करावा, तर विमान उतरण्याचा वेग धोकादायक होतो. तो कमी करण्यासाठी पंखाच्या मागील कडेस झडपा हव्यात. जड विमान लहान पंखावर उचलावयाचे, तर उड्डाणारंभी पंख्याची पाती कमी कोनात व प्रवासात अधिक कोनात असावी लागतात. ही सोय फ्रँक कॉल्डवेल यांनी विकसित केलेल्या पंख्याने झाली. चाके आत घेण्याच्या यंत्रणेमुळे वजन वाढते, पण वेग पुरेसा असेल, तर कमी झालेली ओढ या वजनाची भरपाई करते. ड्युरॅल्युमीन या मिश्रधातूचा पत्रा केवळ आच्छादन न राहता भार सोसू लागला, की आतील सांगाडा हलका होतो. या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमाचा पातळ थर देण्याची पद्धत १९२७ पासून उपलब्ध झाल्याने गंजण्याची भीतीही कमी झाली.

बोइंग २४७ : या तत्त्वांवर आधारलेल्या बोइंग २४७ या दोन एंजिनांच्या विमानाचे पहिले उड्डाण ८ फेब्रुवारी १९३३ रोजी झाले. त्यात दहा उतारू बसत आणि अमेरिकेचा पूर्व-पश्चिम प्रवास ते सु. २० तासांत करी. त्यास पहिले आधुनिक प्रवासी विमान मानण्यात येते. तथापि पंखाची मुख्य तुळई उतारूंच्या कक्षातून आडवी जात असल्याने ती ओलांडून ये-जा करावी लागे. शिवाय प्रारंभी पंख्याची पाती स्थिर कोनाची असल्याने उंचावरील विमानतळांवरून उड्डाण करताना विमान कमी पडे. बोइंग व युनायटेड या कंपन्या एकाच उद्योगसमूहातील होत्या, त्यामुळे पहिली ६० विमाने युनायटेडसाठी राखून ठेवण्यात आली. तात्कालिक लाभाचा हा निर्णय अंती बोइंगच्या विरुद्ध गेला. २४७ या प्रकारची एकूण ७५ विमानेच बांधली गेली.

डग्लस डीसी मालिका : बोइंगची विमाने मिळत नाहीत, असे पाहून टीडब्ल्यूएचे जॅक फ्राय यांनी २ ऑगस्ट १९३२ रोजी विमान कारखान्यांना पत्र पाठविले. त्यांना किमान १२ उतारूंचे, धातूचे व तीन एंजिनांचे विमान हवे होते. कंपनीच्या कोणत्याही विमानतळावरून एक एंजिन बंद असताना पूर्ण भारासह उड्डाण करता आले पाहिजे, ही अट निर्णायक होती. डग्लस कंपनीने ही अट दोनच एंजिनांनी पुरी करण्याचे ठरविले. आर्थर रेमंड हे त्यांचे प्रमुख अभिकल्पक होते. कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेच्या वातविवरात प्रतिकृतींची परीक्षा घेण्यात आली. तीत पंखाची ठेवण बदलून स्थैर्य सुधारण्यात आले. जॅक नॉरथ्रॉप यांच्या पद्धतीने अनेक कप्प्यांचा पंख बांधून तो कक्षाच्या तळाखालून नेण्यात आला. त्यामुळे तुळईचा अडथळा राहिला नाही.

डीसी-१ चे पहिले उड्डाण १ जुलै १९३३ रोजी झाले. विमान वर चढू लागताच एंजिने बंद पडत व नाक खाली करताच पुन्हा चालू होत. वैमानिकाने कसेबसे विमान उतरविल्यावर तपासणीत कार्ब्युरेटरची बसवणूक उलटी झाल्याचे आढळले. दोष दूर केल्यावर ४ सप्टेंबर १९३३ रोजी ॲरिझोनातील सु. १,५०० मी. उंचीवरील विन्स्लो येथे कसोटीची परीक्षा झाली. उड्डाण करतानाच एक एंजिन बंद करण्यात आले व उरलेल्या एंजिनावर विमान डोंगराळ प्रदेशावरून आल्बकर्कीस पोहोचले. एका एंजिनाचा बिघाड म्हणजे अपघातच, हे समीकरण या उड्डाणाने मोडले.

डीसी-१ हे एकच विमान बांधले गेले. त्यावरून १४ उतारूंचे डीसी-२ १९३४ मध्ये सेवेत आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील इंग्लंड–मेलबर्न विमानशर्यतीत खास शर्यतीसाठी बांधलेल्या डी हॅविलँड कॉमेटच्या पाठोपाठ केएलएम कंपनीचे डीसी-२ उतारू व टपाल घेऊन दुसरे, तर बोइंग २४७ तिसरे आले. अमेरिकन एअरलाइन्सचे सी. आर. स्मिथ यांच्या मागणीवरून निजण्याची सोय असलेले अधिक रुंद विमान तयार करण्यात आले व १७ डिसेंबर १९३५ रोजी त्याने उड्डाण केले. बैठकांची सोय असलेले त्याचेच रूप डीसी-३ होय. पंखविस्तार सु. २९ मी., आसने २१ व वेग ताशी सु. ३०० किमी. असलेले हे विमान चालविण्यास डीसी-२ पेक्षा थोडाच अधिक खर्च येई, पण उतारू निम्म्याने अधिक बसत. त्यामुळे टपालाच्या मोबदल्याशिवाय केवळ उतारूंच्या भाड्यावर नफा मिळू शकला.

मर्यादा : बळकट विमानाने प्रवास निर्धोक झाला, असे मात्र नाही. ६ मे १९३५ रोजी मिझूरी राज्यात टीडब्ल्यूएचे डीसी-२ खराब हवामानात, इंधन संपत आले असता कोसळून सिनेटचे सदस्य ब्रॉन्सन कटिंग यांच्यासह काही जण मरण पावले. विमानाइतकीच रेडिओ मार्गदर्शन, हवामानवार्ता व नियंत्रण यांची व्यवस्था महत्त्वाची आहे, हे यावरून दिसले. चौकशीनंतर नियमनाची फेरमांडणी होऊन १९३८ मध्ये नागरी विमानवाहतुकीचा नवा कायदा झाला. तसेच या विमानांच्या कक्षात हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने त्यांना ढग व वादळांच्या वरून जाता येत नसे. ती सोय असलेल्या बोइंग ३०७ ची सेवा १९४० मध्ये सुरू झाली.

प्रसार व भारत : दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) डीसी-३ ची लष्करी रूपे अमेरिकेत दहा हजारांवर बांधण्यात आली, सोव्हिएट संघ व जपान येथेही परवान्याने उत्पादन झाले. ब्रिटिशांनी त्यास ‘डकोटा’ हे नाव दिले व भारतात तेच रूढ झाले. युद्धानंतर शिल्लक राहिलेली डकोटा विमाने बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात नागरी वापरासाठी दुरुस्त करण्यात आली व खाजगी कंपन्यांनी ती विकत घेतली. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला भारतीय सैन्य याच विमानांनी पोहोचविले. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत व पहाटेपर्यंत परतत. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरणानंतर स्थापन झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात बहुसंख्य विमाने डकोटाच होती. १९६१ पासून फॉकर फ्रेंडशिप विमाने आल्यावर त्यांचे महत्त्व क्रमाने कमी झाले. जेट एंजिनांनी पुढे वेग व पल्ला अनेक पटींनी वाढविला. तथापि भार सोसणारा धातूचा पत्रा, झडपा, आत जाणारी चाके आणि एक एंजिन बंद पडले तरी सुरक्षितपणे उड्डाण पुरे करता येण्याची अट हा या काळाचा वारसा त्यांनीही पुढे चालविला.