शिक्क्याचा इख्तियार कोणी बदलला?

कर्जत-खालापूरकडच्या आमच्या व्यापारी बंधूंपैकी अनेकांकडे आता डिजिटल सहीचे टोकन आले आहे. कंपनीचे जीएसटी रिटर्न असो की गणवेशाच्या कापडाचे ई-टेंडर, त्यावाचून काम अडते. टोकन आपण तिजोरीत ठेवतो. परंतु ही सही ज्या संस्थेने खरी ठरवली, तिच्या आतला शिक्का कोणाच्या हाती आहे?

ही शंका पोकळ नव्हे. खुद्द सरकारच्या एनआयसीच्या प्रमाणन विभागातून गूगल व याहूच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे जुलै २०१४ मध्ये उघड झाले. २ जुलैला गूगलने ती पकडली, ३ जुलैला नियंत्रकांनी एनआयसीची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. नियंत्रकांनी आकडा ४ सांगितला. गूगलच्या पाहण्यात त्याहून अधिक होती.

आमचाच अनुभव सांगतो. एकदा लग्नकार्याला जाताना दुकानातल्या एका मुलाला उधारीच्या चिठ्ठीवर सही करण्याची मुभा दिली. परतल्यावर ती काढून घ्यायचे राहून गेले. तीन महिने माल जात राहिला. चिठ्ठ्या साऱ्या जागेवर होत्या. मुभा कधी दिली, याची नोंद मात्र कोठेच नव्हती.

प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्राचेही असेच आहे. विंडोजवर चालणाऱ्या यंत्रात कोणाचे अधिकार वाढवले वा काढले, तर ४८८२ क्रमांकाची नोंद होते. कोणाच्या खात्यातून व केव्हा, तेही कळते. मात्र ही नोंदवही आपोआप उघडत नाही. एक कळ यंत्राच्या सुरक्षा धोरणात, दुसरी प्रमाणन सेवेच्या ऑडिट खान्यात. दोन्ही दाबाव्या लागतात. एकच दाबून समाधान मानणारे पुष्कळ. पहारा कशावर ठेवायचा हेच कोणी बदलले, तर त्यासाठी ४८८५ ही वेगळी नोंद आहे. आमच्या मते आधी तीच पाहावी.

आणि वही त्याच यंत्रात ठेवू नये. २०११ मध्ये हॉलंडच्या डिजिनोटार कंपनीत चोर शिरले, ५०० हून अधिक खोटी प्रमाणपत्रे निघाली. नोंदी त्याच सर्व्हरवर होत्या, त्यांतही फेरफार झाला. सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले. नोंदी दुसऱ्या यंत्रावर जाव्यात, आणि त्या वाचणारा माणूस अधिकार वाटणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. गल्ला मोजणारा आणि हिशोब तपासणारा आपण एकच ठेवतो का?