मिर्झा गालिब : पत्रे आणि मित्र

पूर्वी शाळेत मुलांना पत्र लिहायला शिकवीत, ते आधी मायन्यापासून. वडिलांना ‘तीर्थरूप’, गुरुजनांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, परक्यांना ‘राजमान्य राजेश्री’. मग ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. एवढं झालं की कार्डाचा निम्मा भाग संपे, आणि मुख्य मजकुराला, म्हणजे बैल विकला की नाही, सून बाळंत झाली की नाही, याला कोपऱ्यात जागा शोधावी लागे. गावातल्या गुरुजींनी गावासाठी अशी किती पत्रं लिहून दिली असतील, त्याचा हिशेब नाही. फारसीतही हाच थाट होता, किंबहुना आपल्याहून अधिक. कोणाला कोणती उपाधी लावायची याची पुस्तकंच असत. पुरा एक परिच्छेद नुसत्या नमस्कारात जाई.

हा थाट मोडून काढणाऱ्या एका कवीची गोष्ट मला सांगायची आहे. त्याचं नाव मिर्झा असदुल्लाखान गालिब. गालिबचे शेर आपल्यापैकी पुष्कळांनी कधी ना कधी ऐकलेले असतात. पण त्याची पत्रं मराठी वाचकापर्यंत तितकीशी आलेली नाहीत. आणि मला तर वाटतं की, माणूस म्हणून गालिब समजून घ्यायचा तर दिवाणाआधी पत्रं वाचावीत. ती ज्यांना लिहिली ती माणसं बहुतेक त्याचे शिष्य, चाहते आणि मित्र होती. तिन्ही नाती एकाच माणसाच्या ठिकाणी असत.

आधी थोडी ओळख करून देतो. गालिबचा जन्म २७ डिसेंबर १७९७ चा, आग्र्याचा. बाप लहानपणीच लढाईत मारला गेला. मुलाला चुलत्यानं, नसरुल्लाबेगखानानं, सांभाळलं. हा चुलता मराठ्यांच्या वतीनं आग्र्याचा सुभेदार होता, हे मुद्दाम सांगायला हवं. १८०३ साली लॉर्ड लेकनं आग्रा घेतलं आणि चुलता इंग्रजांकडे गेला. १८०६ मध्ये तोही वारला. त्याच्यामागं कुटुंबाला जे पेन्शन मिळालं, त्यातले महिना साडेबासष्ट रुपये गालिबच्या वाट्याला आले. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न झालं, मग कायमचा मुक्काम दिल्लीत. सात मुलं झाली, एकही जगलं नाही. हा सगळा तपशील एवढ्याचसाठी दिला की, या माणसाला मित्र एवढे का लागत होते ते ध्यानात यावं.

१८५० च्या सुमारापर्यंत गालिब पत्रंही फारसीत लिही, आणि ती मोठ्या मेहनतीनं. पुढं वय झालं, डोकं तेवढी मेहनत सोसेना, म्हणून तो उर्दूत लिहू लागला, म्हणजे जसं बोलतो तसंच लिहू लागला. मायना गेला. ‘मियाँ’, ‘भाई’, ‘बर्खुरदार’, कधी गमतीनं ‘महाराज’, एवढ्यावर पत्र सुरू. कधी तेही नाही, एकदम प्रश्नच! मीर मेहदी मजरूह नावाच्या शिष्याला लिहिलेलं एक पत्र तर नाटकातल्या प्रवेशासारखं आहे. मीर मेहदीच्या पत्राला उत्तर लिहायची परवानगी गालिब एका तिसऱ्याच गृहस्थाकडे मागतो आहे, तो गृहस्थ हरकत घेतो आहे, गालिब त्याला समजावतो आहे, आणि हे सगळं पत्रातच चाललेलं. आपण पत्रव्यवहाराचं संभाषण करून टाकलं, असा त्याचा स्वतःचा दावा होता, आणि तो खरा होता. उर्दू गद्याला पुढं जी मोकळी चाल आली, तिच्या मुळाशी ही पत्रं आहेत असं जाणकार मानतात.

आता ही पत्रं जात कशी, तेही पाहू. १८५४ च्या ऑक्टोबरपासून हिंदुस्थानात टपालाचा नवा कायदा लागू झाला. त्याआधी अंतर जितकं लांब तितका आकार जास्त पडे. नव्या कायद्यानं पाव तोळ्यापर्यंतचं पत्र देशात कुठंही अर्ध्या आण्यात, म्हणजे जुन्या दोन पैशांत, जाऊ लागलं. तिकीट न लावता टाकलं तर घेणाऱ्यानं दुप्पट भरायचं. आपल्याकडं ज्याला ‘नॉटपेड’ म्हणत, त्याला गालिब ‘बैरंग’ म्हणतो. मोठ्या घरचं नाव, दारी देणेकरी, आणि खिसा रिकामा अशा या गृहस्थाला अर्ध्या आण्याची ही सोय म्हणजे मोठंच वरदान होतं. त्याचा चरित्रकार आणि शिष्य हाली सांगतो की, लोक त्याला सर्रास नॉटपेड पत्रं टाकीत, पण तो कधी कुरकुरला नाही. उलट कोणी उत्तरासाठी पाकिटात तिकीट घालून पाठवलं तर मात्र रागावे. पाकिटं तो हातानं तयार करी, तोच त्याचा विरंगुळा. आणि पत्ता? त्याचं म्हणणं, माझं नाव आणि ‘दिल्ली’ एवढं पुरे. मोहल्ला कशाला लिहिता?

या पत्रमित्रांत सर्वांत जवळचा मुन्शी हरगोपाल. हा सिकंदराबादचा, हैदराबादजवळचं नव्हे, बुलंदशहर जिल्ह्यातलं. जातीनं कायस्थ, फारसीत कविता करी, ‘तफ्ता’ हे त्याचं कविनाम. गालिब त्याला आपल्याकडची पदवी देऊन ‘मिर्झा तफ्ता’ म्हणे. वयानं तो जवळजवळ गालिबच्याच बरोबरीचा, पण नातं गुरुशिष्याचं. त्याला लिहिलेली शंभराहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत, इतकी दुसऱ्या कोणालाच नाहीत.

हे गुरुशिष्याचं नातं टपालानं कसं चाले, ते शिक्षकांनी समजून घेण्यासारखं आहे. उर्दू-फारसी परंपरेत शिष्य आपली गझल गुरूकडं पाठवी, गुरू ती तपासून परत करी. याला ‘इस्लाह’ म्हणत. ओळींच्या मध्ये, कडेच्या समासात दुरुस्त्या; हा शब्द काढा, इथं वजन तुटतं, हा प्रयोग अमक्या जुन्या कवीत सापडतो, तमक्यात नाही. तफ्ता लिही भराभर आणि भारंभार. गुरुजींची वही तपासता तपासता पुरेवाट होई. कंटाळ्याचे उद्गार पत्रांत आहेत, पण वही परत गेली नाही असं होत नाही. फी म्हणाल तर नाही. एखाद्या संस्थानिक शिष्यानं काही दिलं तर वेगळं, पण तफ्तासारख्यांना हे सगळं फुकट होतं.

मात्र खोटं बोलायचं नाही, हा दंडक. ग्रंथाची प्रस्तावना लिहून दे म्हटल्यावर गालिब लिहून देई; पण स्तुती कमी पडली अशी कुरबुर आली, तेव्हा त्यानं तफ्ताला साफ कळवलं की भाटासारखं बडबडत सुटणं आपल्याला जमायचं नाही. आणि एकदा तफ्ता जगाला विटून वस्त्रंही टाकून देण्याच्या गोष्टी करू लागला, तेव्हा गुरूनं त्याला वेदान्त शिकवला नाही. कपडे टाकलेस म्हणून पोट सुटतं का, अशा अर्थाचं त्यानं विचारलं. बरेवाईट दिवस येतील तसे काढावेत, हा सल्ला दिला. मला हे पत्र फार आवडतं. त्यात थट्टा आहे, पण ती हात धरून ठेवणारी आहे.

१८५७ उजाडलं आणि या नात्यांची कसोटी लागली. आपल्याला त्या वर्षाची हकीकत विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’ मधून ठाऊक असते. भटजी वाट चालत होते. गालिब दिल्लीत घरातच अडकून पडला होता. सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतलं. गालिबची बल्लीमारानमधली गल्ली वाचली, कारण तिथं पतियाळाच्या महाराजांच्या पदरचे हकीम राहत आणि महाराजांनी पहारा बसवला होता. पण धाकटा भाऊ ऑक्टोबरात गेला. पेन्शन मे १८५७ पासून बंद. दिल्ली कॉलेजातले फारसीचे पंडित इमामबख्श सहबाई गोळीला बळी पडले. मौलवी फज्ल-ए-हक खैराबादी अंदमानला गेले आणि १८६१ मध्ये तिथंच वारले. शहरातून मुसलमान हाकलले गेले, त्यांना बराच काळ परत येऊ दिलं नाही.

या दिवसांत गालिबला कोणी जगवलं? त्याच्याच ‘दस्तंबू’ या फारसी रोजनिशीत नावं आहेत : महेशदास, हिरासिंग, शिवजीराम ब्राह्मण आणि त्याचा मुलगा बालमुकुंद, आणि मेरठेहून पैसे पाठवणारा हरगोपाल तफ्ता. ज्या शहरात मुसलमानाला वावर नव्हता, तिथं त्याचे हिंदू शिष्य-मित्र येऊन विचारपूस करून जात. मुसलमान, हिंदू वा ख्रिस्ती, सगळ्यांना मी भाऊ समजतो, असं गालिबनं तफ्ताला लिहिलं आहे. एरवी असलं वाक्य मी सभेतलं भाषण म्हणून सोडून दिलं असतं. पण हे लिहिणारा त्या वेळी खरोखरच त्या भावांच्या अन्नावर होता.

१८५८ च्या डिसेंबरातलं तफ्ताला लिहिलेलं एक पत्र आहे. गालिब सांगतो की, या एकांतात मी पत्रांच्या आधारावर जगतो. पत्र आलं की ते पाठवणारा माणूसच आला असं वाटतं. दोन-चार पत्रं आली नाहीत असा दिवस जात नाही, कधीकधी तर डाकवाला सकाळ-संध्याकाळ दोनदा येतो. मग तक्रार : दहा-बारा दिवस झाले, तुझं पत्र का नाही? अर्ध्या आण्याची काटकसर करू नकोस. अगदीच जड वाटत असेल तर बैरंग टाक. हे पत्र वाचल्यावर गालिबच्या गझलेतला एकटेपणा पुस्तकी वाटेनासा होतो.

‘दस्तंबू’ छापलं गेलं तेही शिष्यांच्या हातून, नोव्हेंबर १८५८ मध्ये आग्र्याला, मुन्शी शिवनारायण ‘आराम’ यांच्या छापखान्यात. इथं गंमत बघा. गुरू दिल्लीत, हस्तलिखित आग्र्यात, आणि आता तपासणी शिष्यांकडे. पुस्तकात अरबी शब्द येऊ द्यायचा नाही अशी गालिबची प्रतिज्ञा होती. मग ध्यानात आलं की ‘नहीब’ हा शब्द अरबी आहे! लगोलग तफ्ताला पत्र : तो शब्द चाकूनं खरवडून काढा आणि तिथं ‘नवा’ लिहा. या पुस्तकात इंग्रजांची मर्जी राखण्याचा प्रयत्न उघड दिसतो, आणि तो मला तरी सुखावत नाही. पेन्शन परत मिळवायचं होतं, हे त्याचं कारण. ते मे १८६० मध्ये मिळालं.

या शिवनारायणांशी जडलेला स्नेह तर केवळ पत्रांतून उमलला. सुरुवातीची पत्रं छापखान्याच्या मालकाला लिहावीत तशी, अदबीची. मग गालिबला कळलं की हा आपल्या बाळमित्राचा, मुन्शी बन्सीधरचा, नातू! आग्र्याला दोघे मध्यरात्रीपर्यंत बुद्धिबळं खेळत बसत. लगेच सूर बदलला. तो थेट आजोबा होऊन बोलू लागला. कुठली हवेली कुठं होती, कुठल्या गच्चीवरून राजा बलवानसिंगांशी पतंग लढवीत असू, सगळं साठीच्या म्हाताऱ्यानं लिहून काढलं.

त्याच नोव्हेंबरात शिवनारायण आणि तफ्ता यांनी पत्रं छापण्याची गोष्ट काढली. गालिबनं नकार दिला. ही पत्रं सांभाळून लिहिलेली नाहीत, छापली तर कवी म्हणून असलेल्या माझ्या नावाला कमीपणा येईल, असं त्याला वाटलं. आपल्या हातून सर्वांत टिकाऊ काय घडतं आहे हे लिहिणाऱ्यालाच कळत नाही, ते असं. पुढं मन वळलं. ‘ऊद-ए-हिंदी’ हा पहिला संग्रह ऑक्टोबर १८६८ मध्ये निघाला. आज त्याची ९०० च्या आसपास उर्दू पत्रं छापलेली मिळतात. पहिल्या शास्त्रशुद्ध आवृत्त्यांपैकी एक बनारस हिंदू विद्यापीठातल्या महेशप्रसादांनी १९४१ मध्ये सिद्ध केली, हेही नमूद करतो.

सगळ्याच मित्रांशी नातं बरोबरीचं नव्हतं. रामपूरचे नबाब यूसुफअलीखान १८५७ मध्ये शिष्य झाले आणि जुलै १८५९ पासून महिना शंभर रुपये देऊ लागले. नबाबांना लिहिलेल्या पत्रांत अदब आहे, मागणं आहे, कर्जाचं रडगाणं आहे. तफ्ताच्या पत्रांतला मोकळा श्वास नाही. उलट मुस्तफाखान शेफ्ता यांचं पाहा. १८४७ मध्ये जुगाराच्या खटल्यात गालिबला तुरुंग भोगावा लागला, तेव्हा पुष्कळांनी पाठ फिरवली, शेफ्ता मात्र उभे राहिले. सत्तावनानंतर त्यांनाच सात वर्षांची सजा झाली, अपिलात सुटले. बातमी कळताच साठी उलटलेला गालिब डाकेच्या गाडीनं मेरठला गेला, चार दिवस राहिला. तिथं पत्रानं भागण्यासारखं नव्हतं.

मजरूह पानिपतला जाऊन राहिला होता; त्याला दिल्लीची खबर हवी असे. गालिब कळवी : कोणता मोहल्ला पाडला, कोणत्या विहिरीचं पाणी खारं झालं. लाल किल्ला, चांदणी चौक, जामा मशिदीजवळचा रोजचा बाजार, आठवड्याला यमुनेच्या पुलावरची फेरी, वर्षाचा फुलवाल्यांचा मेळा, यांवर दिल्ली जगत होती; ते गेलं, आता दिल्ली कुठली, असं त्यानं डिसेंबर १८५९ मध्ये लिहिलं. लोहारूच्या अलाउद्दीन अहमदखानांना मात्र पावसाळ्यात गळणाऱ्या छपराची कथा हसत हसत सांगितली आहे.

शेवटी हात चालेना, ऐकू येईना. गझला तपासायला पाठवू नका, उत्तर देणं जमत नाही, असं त्यानं वर्तमानपत्रांतून जाहीर केलं. तरी टपाल थांबलं नाही आणि उत्तरंही थांबली नाहीत. स्वतः लिहिता येईना तेव्हा तो दुसऱ्याकडून लिहवून घेऊ लागला. हाली आदल्या दिवशी भेटायला गेला होता. बऱ्याच तासांच्या गुंगीतून गालिब जागा झाला होता आणि लोहारूहून अलाउद्दीन अहमदखानांचं प्रकृतीची चौकशी करणारं पत्र आलं होतं, त्याचं उत्तर सांगत होता : मला काय विचारतोस, एक-दोन दिवसांनी शेजाऱ्यांना विचार. १५ फेब्रुवारी १८६९ ला तो वारला. पत्रांचा दुसरा संग्रह, ‘उर्दू-ए-मुअल्ला’, दिल्लीच्या छापखान्यात तयार होत होता. तो मार्चमध्ये बाहेर पडला.